पदक मिळालं, नागरिकत्व नाही: धनगोपाल मुखर्जीची गोष्ट

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून, आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

आधी एक प्रश्न. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकासाठी सगळ्यात मानाचं पदक म्हणजे न्यूबेरी पदक. तिथली ग्रंथालय संघटना १९२२ पासून ते देते आहे. भारतात जन्मलेल्या लेखकाला ते पहिल्यांदा कधी मिळालं असेल? अंदाज करा. मी ऑफिसमध्ये विचारलं तेव्हा कोणी २००५ म्हणालं, कोणी १९९०. बरोबर उत्तर आहे १९२८. म्हणजे सायमन कमिशन भारतात आलं ते वर्ष. लेखकाचं नाव धनगोपाल मुखर्जी, पुस्तकाचं नाव ‘गे-नेक’, आणि पुस्तकाचा हिरो एक कबूतर.

ज्या देशानं त्याला हे पदक दिलं, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच वर्षं आधी सांगून ठेवलं होतं की भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. त्याकडे येऊच. आधी कबूतर.

कबुतराचं खरं नाव चित्रग्रीव. चित्र म्हणजे रंगीबेरंगी, ग्रीवा म्हणजे मान. नाव ओळखीचं वाटतंय ना? पंचतंत्रातला कबुतरांचा राजा. पारध्याच्या जाळ्यात सगळा थवा अडकतो, मग सगळे मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर मित्राकडे जाऊन जाळं कुरतडून घेतात, ती गोष्ट. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली. धनगोपालनं हे दोन हजार वर्षांचं नाव उचललं आणि विसाव्या शतकातल्या कोलकात्याच्या एका गच्चीवरच्या ढाबळीतल्या पिल्लाला दिलं.

गोष्ट सांगतो एक मुलगा. कबूतर पाळणं म्हणजे काय, हे तो अगदी बारकाईनं सांगतो. अंड्यातून पिल्लू कसं बाहेर येतं, आईबाप त्याला कसं भरवतात, ते उडायलाच तयार नसतं तेव्हा बाप त्याला गच्चीच्या कडेवरून कसं ढकलतो. मग ट्रेनिंग. पिंजऱ्यात घालून आधी थोडं लांब न्यायचं आणि सोडायचं, मग आणखी लांब, मग त्याहून लांब. दर वेळी ते घरी परत येतं का, ते बघायचं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या कुठल्याही कबुतरबाजाला हे वाचून मान डोलवावीशी वाटेल. धनगोपाल लहानपणी स्वतः कबुतरं पाळायचा, आणि ते पानापानांवर कळतं.

मग हा मुलगा, त्याचा मित्र आणि घोंड नावाचा म्हातारा शिकारी हिमालयात जातात, सिक्कीमच्या बाजूला. तिथे गरुड आहेत, ससाणे आहेत, वादळं आहेत. चित्रग्रीवाचे आईबाप दोघेही मरतात. इथपर्यंत हे ‘निसर्ग आणि साहस’ टाइपचं पुस्तक वाटतं. खरं सांगायचं तर पहिला भाग थोडा संथच आहे आणि भाषा आजच्या कानाला जरा नटवी वाटते. ज्यांना रील्सची सवय आहे त्यांनी धीर धरा.

कारण पुढे पहिलं महायुद्ध येतं.

१९१४ च्या सप्टेंबरअखेर भारतीय फौजा फ्रान्समध्ये मार्सेच्या बंदरात उतरल्या. इप्र, न्यव्ह शापेल वगैरे ठिकाणी त्या लढल्या. आपल्या मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता, म्हणून फ्रान्सची बाजू आपल्या घराघरांतल्या आठवणीत तेवढी नाही. धनगोपालच्या गोष्टीत घोंड या फौजेबरोबर जातो, आणि सोबत निरोप न्यायला दोन कबुतरं नेतो: चित्रग्रीव आणि हिरा. त्या युद्धात कबुतरं खरंच सर्रास वापरली गेली. ‘शेर आमी’ नावाचं अमेरिकन सैन्याचं कबूतर तर इतकं गाजलं की पेंढा भरून ठेवलेलं त्याचं शरीर आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. अमेरिकन पोरांना युद्धातलं कबूतर माहीत होतं. भारतीय कबूतर आणि भारतीय शिपाई मात्र त्यांना या पुस्तकात भेटले.

युद्धाची प्रकरणं चित्रग्रीव स्वतः सांगतो. विमानं त्याला यंत्रांचे गरुड वाटतात. कोण कोणाच्या बाजूनं लढतंय, राजा कोण, साम्राज्य कोणाचं, याचं त्याला काही नाही. खाली आग, वर आग, आणि मधून घरी जायचं आहे. हिरा मारला जातो. चित्रग्रीव निरोप पोचवतो, जखमी होतो, आणि तो व घोंड दोघेही भारतात परत पाठवले जातात.

आता इथे मुलांच्या नेहमीच्या पुस्तकात काय झालं असतं? बँड, मेडल, समाप्त. धनगोपाल तिथे थांबत नाही. परत आलेलं कबूतर उडत नाही. पंख बरे झालेत, पण ते गच्चीवरून उठतच नाही. आकाशाची भीती बसली आहे. आज आपण ज्याला पीटीएसडी म्हणतो, ते. घोंडचीही तीच गत. रात्रंदिवस पाहिलेली हत्या त्याच्या डोक्यातून जात नाही. मग दोघं हिमालयातल्या बौद्ध मठात जातात, आणि तिथला लामा त्यांच्या मनातली भीती आणि द्वेष ध्यानानं, हळूहळू, उतरवतो. पुढे घोंड एका माजलेल्या रानरेड्याला मारतो. गाव वाचवायला मारतो. तरी मारल्यामुळे तो पुन्हा आतून बिघडतो आणि त्याला पुन्हा मठाकडे वळावं लागतं.

युद्धानं माणसाची काय हालत केली हे सांगणारी रेमार्कची प्रसिद्ध जर्मन कादंबरी पुस्तकरूपात आली १९२९ मध्ये. धनगोपालचं मुलांचं पुस्तक १९२७ चं. दहा-बारा वर्षांच्या पोराला तो सांगतोय की शूर असणारेही आतून मोडतात, आणि मोडलेलं बरं व्हायला वेळ लागतो. मला विचाराल तर त्याला पदक मिळालं ते याच शेवटच्या भागासाठी मिळायला हवं होतं. कमिटीनं कशासाठी दिलं, देव जाणे.

बरं, हा माणूस होता कोण?

जन्म १८९० चा, कोलकात्याजवळच्या एका खेड्यात, ब्राह्मण घरात. घराण्याकडे देवळाची पूजा होती. धनगोपालला पुजारीपणाची दीक्षा मिळाली आणि परंपरेप्रमाणे तो काही काळ भिक्षा मागत फिरलाही. पण पुजारी होणं त्याला मानवलं नाही. तो कोलकात्यात शिकायला आला. तिथे त्याचा मोठा भाऊ जदुगोपाल क्रांतिकारकांच्या युगांतर गटात होता. साधासुधा कार्यकर्ता नव्हे हं, बाघा जतीनचा उजवा हात.

१९०८ च्या सुमारास धनगोपाल जपानला गेला, यंत्रविद्या शिकायला. १९०५ मध्ये जपाननं रशियाला हरवलं होतं, त्यामुळे तेव्हाच्या भारतीय तरुणांसाठी जपान म्हणजे आजचं सिलिकॉन व्हॅली. पण कारखान्यात माणसाचं यंत्र होताना बघून त्याचं मन उडालं, आणि तो बोटीत बसून सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. इंजिनिअरिंग सोडून लेखक झालेला पहिला भारतीय म्हणायला हरकत नाही. बीटेक करून पॉडकास्ट करणाऱ्याला असं कोणी भेटलं की बरं वाटतं.

हाच रस्ता त्याच काळात एका मराठी माणसानंही धरला होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. तेही जपानमार्गे कॅलिफोर्नियात गेले, शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीच्या उभारणीत पडले आणि पुढे मेक्सिकोत नावाजलेले कृषिशास्त्रज्ञ झाले. तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळेही अमेरिकेत शिकायला गेला होता. तो गदरच्या उठावासाठी परत आला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेला. धनगोपाल त्याच पिढीतला, त्याच किनाऱ्यावरचा. त्यानं हातात पेन घेतलं.

पैसे नव्हतेच. बर्कलीत शिकताना त्यानं लोकांच्या घरी भांडी घासली, शेतांवर मजुरी केली. तिथे पंजाबमधून आलेले शेतमजूर होते. बहुतेक शीख, पण गोरे लोक सरसकट सगळ्यांना ‘हिंदू’ म्हणत. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावानं भारतीय मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं होतं. ते वातावरण तसंच होतं. धनगोपालनं पुढे बर्कली सोडून स्टॅनफर्ड गाठलं आणि १९१४ मध्ये पदवी घेतली.

स्टॅनफर्डचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाणं शक्यच नाही. १९१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एक पाद्री उतरला. नाव फादर मार्टिन. हा खरा नरेंद्रनाथ भट्टाचार्य, बंगालचा क्रांतिकारक, वेश बदलून आलेला. वर्तमानपत्रांना वास लागला, तसा तो तडक पालो आल्टोला जदुगोपालच्या धाकट्या भावाकडे गेला. धनगोपालनं त्याला सल्ला दिला: जुनं नाव पुसून टाक, नवीन माणूस हो. आणि नवं नावही सुचवलं. मानवेंद्रनाथ रॉय. हो, तेच एम. एन. रॉय! मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्ष उभा करणारे, लेनिनशी वाद घालणारे, आणि पुढे ज्यांच्या विचारांनी आपल्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी भारावले ते. रॉय यांनी स्वतः आठवणींत हे लिहून ठेवलंय. म्हणजे भारतीय राजकारणातल्या एका मोठ्या नावाचं नामकरण एका बालसाहित्यिकानं केलं.

१९१८ मध्ये त्यानं एथेल डुगन या अमेरिकन बाईशी लग्न केलं. ती शिक्षिका होती. त्यांना एक मुलगा झाला. हे लग्न सोपं नव्हतं, आणि मी भावनिक अर्थानं बोलत नाहीये. १९०७ च्या कायद्यानुसार परदेशी माणसाशी लग्न केलं की अमेरिकन बाईचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. १९२२ मध्ये तो कायदा सैल झाला, पण ज्याला नागरिकत्व मिळूच शकत नाही अशा माणसाशी लग्न केलेल्या बाईला ती सूट नव्हती.

आणि असा ‘मिळूच न शकणारा’ कोण, हे ठरलं फेब्रुवारी १९२३ मध्ये. भगतसिंग थिंड नावाचा शीख माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेला, सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वेळी नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना मिळे. थिंडचं म्हणणं: मानववंशशास्त्रानुसार मी कॉकेशियन, म्हणजे गोऱ्यांतच मोडतो. त्याचा वकील होता सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून कान टवकारले ना? न्यायालयानं सांगितलं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. संपला विषय. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सरकारनं सुरुवात केली. पंडित स्वतःचं नागरिकत्व कोर्टात लढून टिकवू शकला, बाकीच्यांचं नशीब तसं नव्हतं.

ज्यांच्या घरी ग्रीन कार्डच्या रांगेवर रोज चर्चा होते त्यांनी जरा विचार करा. इथे रांगच नव्हती.

त्याच १९२३ मध्ये धनगोपालचं आत्मचरित्र आलं. नाव ‘कास्ट अँड आउटकास्ट’. पहिला भाग भारतातला, दुसरा अमेरिकेतला. ‘आउटकास्ट’ कुठल्या भागाला म्हटलंय ते सांगायला नको. २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यापीठ प्रकाशनानं ते पुन्हा छापलं. अमेरिकेतल्या भारतीयांचा इतिहास शिकणारे आज त्याच्यापासून सुरुवात करतात.

मुलांची पुस्तकं याच दिवसांतली. न्यूयॉर्कच्या डटन प्रकाशनानं १९२२ मध्ये ‘कारी द एलिफंट’ काढलं. नऊ वर्षांच्या मुलाच्या हवाली पाच महिन्यांचं हत्तीचं पिल्लू दिलं जातं, आणि दोघं एकमेकांना वाढवतात. कारी घरातली केळी चोरतो आणि आळ दुसऱ्यांवर येतो, हा भाग तर कुठल्याही मराठी घरातला वाटेल. नंतर ‘हरी द जंगल लॅड’, ‘घोंड द हंटर’, ‘द चीफ ऑफ द हर्ड’ अशी रांगच लागली.

आता एक आक्षेप, जो मलाही वाचताना पडला. हा माणूस अमेरिकन पोरांना हत्ती, वाघ, जंगल आणि साधू विकत होता का? त्याच्या बालपुस्तकांत गिरण्या, संप, मोर्चे जवळजवळ नाहीतच. तिकडे सख्खा भाऊ १९१५ पासून काही वर्षं भूमिगत, आणि १९२३ ते १९२७ विनाखटला तुरुंगात. आणि इकडे हत्तीची केळी?

थोडं खरं आहे. अमेरिकन बाजाराला जंगलातला भारतच हवा होता, आणि किपलिंगच्या मोगलीनं ती चव आधीच लावून ठेवली होती. पण दोघं शेजारी ठेवून वाचा. किपलिंगच्या जंगलात कायदा आहे, हुकूम आहे, कोणी कोणाच्या वरचढ हे ठरलेलं आहे. धनगोपालच्या जंगलात सगळ्यात मोठा शत्रू आहे भीती. वाघ घाबरलेल्याला मारतो, माणूस घाबरला की मारतो. ज्याचा देश बंदुकीच्या धाकावर चालवला जातोय आणि जो स्वतः दुसऱ्या देशात परवानगीवर राहतोय, त्या माणसानं मुलांना सांगायला हाच विषय निवडला, यात मला तरी राजकारण दिसतं. आणि भावाला तो विसरला नव्हताच. भारतात एक फेरी मारून आल्यावर १९२४ मध्ये त्यानं ‘माय ब्रदर्स फेस’ लिहिलं, जदुगोपालवर.

शिवाय मोठ्यांशी भांडायचं तेव्हा तो भांडलाही. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईचं ‘मदर इंडिया’ आलं. भारत म्हणजे घाण, रोगराई आणि बालविवाह, हे लोक स्वराज्याच्या लायकीचे नाहीत, असा सगळा सूर. गांधीजींनी त्याला गटारं तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचा रिपोर्ट म्हटलं होतं. पुस्तक तुफान खपलं. म्हणजे बघा, एकाच वर्षी अमेरिकेत भारतावर दोन पुस्तकं: मोठ्यांसाठी ‘मदर इंडिया’, मुलांसाठी ‘गे-नेक’. १९२८ मध्ये एकीकडे पदक, आणि दुसरीकडे धनगोपालचं मेयोला उत्तर, ‘अ सन ऑफ मदर इंडिया आन्सर्स’. आज मेयोचं नाव इतिहासाच्या पुस्तकात तरी सापडतं, धनगोपालचं तिथेही नाही. भारतात इंग्रजीतला बालसाहित्यिक म्हणून त्याला कोणी वाचलं नाही, आणि अमेरिकेत तो हळूहळू शेल्फच्या मागच्या रांगेत गेला.

त्याचं आणखी एक पुस्तक, रामकृष्ण परमहंसांवरचं ‘द फेस ऑफ सायलेन्स’, १९२६ चं. रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाला रामकृष्णांची ओढ लागली त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा, आणि रोलाँनी पुढे स्वतः रामकृष्णांचं चरित्र लिहिलं.

शेवट चांगला नाही. जुलै १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये धनगोपालनं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४६. कायदा, परकेपणा, मंदी, दोन देशांत ओढलं जाणं, असं एखादं कारण पकडून गोष्ट जुळवायचा मोह होतो. मी तो करणार नाही. माणसाच्या मनाचं इतकं सोपं डीबगिंग होत नसतं. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला सध्या जड जात असेल तर कोणाशी तरी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

भारतीयांना अमेरिकन नागरिकत्वाचं दार उघडलं १९४६ मध्ये, तो गेल्यावर दहा वर्षांनी. जदुगोपालची तुरुंगातून सुटका झाल्यावर त्यांना बंगालबाहेर काढण्यात आलं, आणि ते रांचीत डॉक्टर म्हणून राहिले. क्षयरोगाचे नामांकित डॉक्टर.

धनगोपालच्या या जुन्या पुस्तकांचा कॉपीराइट संपलेला आहे, त्यामुळे नेटवर शोधलीत तर मोफत वाचता येतील. घरात सात-आठ वर्षांचं पोर असेल तर ‘कारी’पासून सुरू करा, मराठीत सांगत सांगत वाचून दाखवा. केळीचोरीच्या प्रकरणाला हमखास हसू येतं. दहाच्या पुढचं असेल तर थेट ‘गे-नेक’. त्यात पहिल्या आवृत्तीची बोरिस आर्टझिबाशेफची काळी-पांढरी चित्रं असलेली प्रत मिळाली तर तीच घ्या, मोबाइलच्या स्क्रीनवरही ती सुंदर दिसतात. आणि युद्धाचा भाग आला की पोराला एकट्याला वाचायला देऊ नका, शेजारी बसा. प्रश्न येतात.